समूहगानाच्या सरांची पिशवी

कॉलेजात समूहगान बसवणाऱ्या माणसाच्या हाती दर जुलैत कच्चा माल येतो. एफवायची मुलं आवाज फुटून जेमतेम दोन-तीन वर्षं झालेली, एसवायची जरा मुरलेली आणि टीवायची परीक्षेच्या धाकाने निम्म्या तालमींना गैरहजर. तीन वर्षांत अख्खा संघ बदलतो. तीस वर्षं नोकरी केली तर दहा वेगळे संघ हाताखालून जातात. टिकून राहतात ते सरांचे कान आणि खांद्यावरची पिशवी. त्या पिशवीत काय असावं आणि काय दुकानातच सोडून यावं, याचा हा आढावा. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर या पट्ट्यातल्या खोल्या, इथली दमट हवा आणि गच्च भरलेली ट्रान्स-हार्बर लोकल धरूनच प्रत्येक वस्तू तपासली आहे.

कसोटी एकच लावली. वस्तू आणल्यावर मुलं एकमेकांचं जास्त ऐकतात, की त्या वस्तूच्या अंगावर रेलतात? रेलायला लावणारी वस्तू कितीही महागडी असली तरी वाईटच.

सुरुवात सगळ्यात स्वस्त वस्तूपासून. नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क. ए 440 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांचा, पोलादी काटा काही शे रुपयांत मिळतो, खिशात मावतो, त्याला बॅटरी लागत नाही आणि तो बिघडत नाही. तापमानाचा त्याच्यावर होणारा परिणाम नगण्य असतो: हवा दहा अंशांनी तापली तर 440 चा स्वर जेमतेम अर्धा हर्ट्झ उतरतो. एसीच्या खोलीतून बाहेरच्या उकाड्यात आलात तरी त्याच्यावर विसंबता येतं. अॅल्युमिनियमचे काटे जास्त जोरात वाजतात, पण तापमानाने जास्त हलतात. पोलादीच घ्यावा.

फसगत होते ती खरेदीत. वाद्यांच्या दुकानात काटा नसला की कुणीतरी सर्जिकल मालाच्या दुकानाचा पत्ता देतं. तिथे मिळतो तो 512 हर्ट्झचा, कानाच्या डॉक्टरांचा काटा. त्यावर 'सी' असं कोरलेलं असतं, म्हणून घेणारा पांढरी एक, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, समजून घेतो. संगीतातली वरच्या सप्तकातली पांढरी एक 523.25 हर्ट्झची. म्हणजे हा काटा जवळजवळ 38 सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला, अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. सगळा संघ त्यावर लावला आणि साथीला हार्मोनियम आली की पहिल्याच ओळीला तोंडं वाकडी होतात. काट्यावर 440 किंवा 523.3 हा आकडा कोरलेला आहे ना, हे बघूनच पैसे द्यावेत.

काटा टेबलाच्या कडेवर आपटू नये, टोकं वाकतात. गुडघ्यावर किंवा तळहाताच्या गादीवर हलकेच मारावा आणि दांडी कानामागच्या हाडावर टेकवावी. सगळ्यांना ऐकवायचा असेल तर दांडी लाकडी बाकावर किंवा हार्मोनियमच्या झाकणावर टेकवली की आवाज खोलीभर पोचतो.

काट्यावरून षड्ज काढणं हे हिशेबाचं काम आहे आणि ते पाठ असलंच पाहिजे. ए म्हणजे पांढरी सहा. त्यालाच सा मानून शुद्ध गंधार गायला की काळी एक हाती येते. पांढरी दोनमध्ये गायचं असेल तर काट्याचा स्वर पंचम धरून खाली या. पांढरी तीनला तो मध्यम, पांढरी चारला शुद्ध गंधार, काळी तीनला कोमल गंधार, पांढरी पाचला रिषभ. आठवडाभर घोकलं की मंचावर चार सेकंदांत षड्ज मिळतो आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या युवा महोत्सवात समूहगीताला जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं सादरीकरण आणि मांडणीला चार मिनिटं मिळतात. त्या चार मिनिटांत माईक, तबला आणि घाबरलेली मुलं सांभाळायची असतात. तेव्हा मोबाईलवरचं अॅप शोधत बसणाऱ्यापेक्षा खिशातून काटा काढणारा केव्हाही पुढे.

पिच पाइप म्हणून मिळणारी गोल तबकडी मात्र घेऊ नये. तिच्या पितळी पट्ट्यांत थुंकी साठते, आपल्याकडच्या दमट हवेत हिरवट थर चढतो आणि जोरात फुंकलं की स्वर उतरतो. नव्याने घेतली तेव्हा बरोबर असते, दोन पावसाळ्यांनंतर नसते.

नादकाट्यांचा आणखी एक संच कॉलेजात आधीच असतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लाकडी पेटीत आठ काटे मांडलेले असतात: 256, 288, 320, 341.3, 384, 426.6, 480 आणि 512. हे आकडे नीट पाहा. 288 भागिले 256 म्हणजे नऊ अष्टमांश, 320 म्हणजे पाच चतुर्थांश, 384 म्हणजे दीडपट. हा शुद्ध सप्तकच आहे, शुद्ध स्वरांच्या गुणोत्तरांसकट. लॅब असिस्टंटशी गोड बोलून ही पेटी एका दुपारपुरती मिळवली तर जे वर्षभर बडबडून पटत नाही ते दहा मिनिटांत पटतं. कीबोर्डचं ट्यूनिंग खाली आणून ए 430.5 वर ठेवायचं, म्हणजे मधली पांढरी एक 256 वर येते. बासरीचा किंवा ऑर्गनचा सरळ, कंप नसलेला आवाज निवडायचा. पांढरी एक वाजवून 256 चा काटा लावला की दोन्ही एक होतात. मग पांढरी तीन दाबून धरायची आणि 320 चा काटा लावायचा. कीबोर्डची पांढरी तीन आता 322.5 हर्ट्झची आहे, त्यामुळे सेकंदाला अडीच वेळा 'वाँव-वाँव' असा हेलकावा ऐकू येतो. बेसुरा असतो तो कीबोर्ड. शुद्ध गंधार त्याच्याहून जवळजवळ 14 सेंट खाली असतो. पंचमाचा फरक दोनच सेंटचा, तो चालून जातो. गंधाराचा नाही चालत. चार आवाजांत बांधलेल्या गाण्यात शेवटचा स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी गायलेले वेगवेगळे स्वर, 'बसत नाही' असं जे म्हणतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा गंधार धरणाऱ्या दोन मुलींच्या कानात असतं, आणि त्यांच्या कानात तो कीबोर्डने घातलेला असतो.

इथून हार्मोनियमकडे यावंच लागतं. आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत राहिली. या बंदीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण तक्रारीत तथ्य होतं: तिचे स्वर ठरलेले आहेत, ते कुणासाठी सरकत नाहीत. समूहगानात आणखी एक अडचण येते. मुलं जोरात गायला लागली की पेटीवाला भाता जोरात मारतो. जास्त दाबाने सुरीचा, म्हणजे रीडचा स्वर किंचित उतरतो, खर्जातल्या लांब सुरींचा जास्त. म्हणजे गाणं जिथे चढतं नेमकं तिथे पेटी खाली जाते आणि मुलं पेटीच्या मागे. त्यात पेटी खर्ज-नर-मादी (खालची, मधली, वरची) अशा सुरींच्या तीन ओळींची असेल तर तिन्ही ओळी सारख्या उतरत नाहीत आणि स्वराला कडा राहत नाही. समूहगानाला नर-मादी अशी दोन ओळींची पेटी पुरते. ती हलकी असते आणि दर वर्षी सुरी लावून घेणंही स्वस्त पडतं.

आपल्याकडे पेटी बिघडते ती पावसाळ्यात. समूहगानाच्या तालमीही नेमक्या तेव्हाच रंगात असतात, कारण मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या विभागीय फेऱ्या साधारण ऑगस्टच्या आसपास येतात. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, पितळी सुरींवर हिरवा थर धरतो, पोलादी स्क्रू गंजतात. एसीच्या खोलीतून थंडगार पेटी काढून थेट दमट व्हरांड्यात उघडली की सुरींवर दव धरतं आणि स्वर घोगरा येतो. पेटी खोक्यातच अर्धा तास बाहेर ठेवावी आणि मग उघडावी. खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्यावेत. पेटी जमिनीवर ठेवू नये आणि रोज दहा मिनिटं वाजवावी. बंद पडून राहिलेली पेटी वापरातल्या पेटीपेक्षा लवकर खराब होते.

कीबोर्डचा उपयोग आहे, पण एकाच कामासाठी: चार आवाजांच्या ओळी वेगवेगळ्या शिकवणं. 61 पट्ट्यांचा साधा कीबोर्ड साडेचार-पाच किलोचा असतो. ठाण्याहून वाशीला सकाळच्या गाडीत तो उभा धरून नेता येतो, आठ किलोची पेटी नेता येत नाही. विकत घेताना शेकडो आवाज आणि ऱ्हिदम बघू नयेत. बघायच्या तीन गोष्टी: ट्यूनिंग एकेक हर्ट्झने किंवा त्याहून बारीक हलवता येतं का, रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली कृत्रिम घुमणी, पूर्ण बंद करता येतो का, आणि बॅटरीवर चालतो का. रिव्हर्ब चालू ठेवून शिकवणं म्हणजे मेकअप करून आरशात डाग शोधणं. ट्रान्स्पोजचं, म्हणजे सगळे स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली सरकवणारं, बटण हा वेगळाच सापळा आहे. एखादा मुलगा पांढरी एकमध्ये बोटं बसवतो, ट्रान्स्पोज अधिक एक करतो आणि पुढच्या तालमीला ते बटण शून्यावर आणायचं विसरतो. सगळा संघ अर्ध्या स्वराने वर, आणि वरच्या पट्टीतल्या मुलींचे आवाज का फाटतात हे कुणालाच कळत नाही. तालमीला बसल्याबरोबर खिशातला काटा कीबोर्डशी ताडून बघायचा.

ओळी पाठ करायला हल्ली व्हॉट्सअॅपवर ट्रॅक पाठवतात. कल्पना चांगली आहे, पण बहुतेक जण कीबोर्डवर ओळ वाजवून पाठवतात, मुलं ती पंधरा दिवस इअरफोन लावून गाडीत ऐकतात आणि 14 सेंट चढलेला गंधार घोटून येतात. ट्रॅक गळ्याने गाऊन रेकॉर्ड करावा. सरांना चारही ओळी गाता येत नसतील तर मागच्या वर्षाच्या टीवायच्या मुलांकडून गाऊन घ्याव्यात. एका ट्रॅकमध्ये एक आवाज ठळक आणि बाकीचे तीन मागे असले की मुलाला आपली ओळ एकटीच नाही, हे पहिल्या दिवसापासून कळतं.

आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बेंगळुरूच्या राडेल कंपनीने 1979 मध्ये पहिला बनवला आणि तेव्हापासून संगीताच्या क्लासांत हे खोकं नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. कॉलेजच्या समूहगानाच्या खोलीला या आढाव्यातली सर्वांत उपयोगाची वस्तू हीच, पण ती कशी वापरता यावर सगळं आहे. जुनी अॅनालॉग खोकी गरम झाली की स्वर सरकतात. डिजिटल, नमुना घेतलेल्या आवाजाची खोकी स्थिर राहतात, आता तीच घ्यावीत. स्वर बारीक लावण्याचं बटण आणि लाइन-आउट, म्हणजे बाहेरचा स्पीकर जोडायची सोय, असणं आवश्यक, तालाची सोय नसली तरी चालेल.

खोकं सरांच्या टेबलावर ठेवू नये. मुलांच्या मागे ठेवावं, कानाच्या उंचीवर, आणि आवाज बोलण्यापेक्षा कमी. समोरून येणाऱ्या तंबोऱ्यावर मुलं ओरडून गातात, मागून येणाऱ्या तंबोऱ्यात मिसळून गातात. खोली मोठी असेल तर दोन खोकी लावू नयेत, दोघांत सेंटभर फरक असला तरी हेलकावा येतो. एकाच खोक्यातून लाइन काढून स्पीकरला द्यावी. गाण्यात पंचम वर्ज्य असेल तर पहिली तार मध्यमावर लावावी. विसरलात तर मालकंसाच्या अंगाची चाल बसवताना मुलं पंचमाच्या भोवती घोटाळत राहतात.

तंबोऱ्याची मर्यादाही आहे. एकेक ओळ घोटताना तो चालू असावा. चार आवाज एकत्र आले आणि स्वरमेळ रिषभावर किंवा धैवतावर उभा राहिला की खालचे सा-प त्याच्याशी भांडतात. तिथे तंबोरा बंदच करावा. आणि चार्जर मूळचाच वापरावा. स्वस्त अॅडॅप्टरमधून 100 हर्ट्झची घरघर येते, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर, आणि खालच्या आवाजाच्या मुलांचा कान नकळत तिकडे जातो.

मोबाईलवरची तंबोरा अॅप्स आवाजाने उत्तम आहेत. पण फोन वाजतो, आणि सरांचा फोन तालमीत वाजला की मुलांचे फोनही पुढच्या पाच मिनिटांत वाजायला लागतात. विमान मोडवर ठेवलेला जुना फोन या कामासाठी वेगळा काढता आला तर खोक्याची गरजही नाही.

नोटेशन स्टँडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तारेचा घडीचा स्टँड आपल्याकडच्या छताच्या पंख्याखाली टिकत नाही, कागद उडतात आणि स्टँडही पडतो. भरीव पाटीचा घ्यावा, बेंबीच्या उंचीवर आणि जवळजवळ आडवा ठेवावा. उंच ठेवला की हात वर न्यावा लागतो, आणि तीस वर्षं हात छातीच्या वर ठेवून इशारे दिले तर खांद्याचं काय होतं हे फिजिओथेरपिस्टना विचारावं. काडी, म्हणजे बॅटन, चाळीस मुलांपर्यंत लागत नाही.

लाकडी पायऱ्या मात्र कॉलेजकडून मागून घ्याव्यातच. बाजारातल्या लोखंडी पायऱ्या गंजतात आणि चालताना वाजतात. सुताराकडून 19 मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायच्या पेट्या बनवून घेणं बरं: चार फूट लांब, दोन फूट रुंद, काही आठ इंच उंच आणि काही सोळा. दोन फूट रुंदी मिळाली की मुलं खांदे आकसून उभी राहत नाहीत. एका पेटीवर दोघंच. आठ इंचांच्या फरकाने मागच्याचं तोंड पुढच्याच्या खांद्यावरून मोकळं होतं, त्याचा आवाज पुढच्याच्या पाठीत शिरत नाही. पेट्यांच्या खालच्या कडांना फेल्टची पट्टी लावावी, नाहीतर प्रत्येक पाऊल ढोलासारखं वाजतं. सगळ्यात मागच्या रांगेला कमरेएवढा कठडा हवा. नाट्यगृहात गायचं असेल तर पायऱ्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणाव्यात. मागे ठेवल्या तर अर्धा आवाज विंगांच्या कापडात आणि वरच्या पोकळीत जातो, आणि मग माईक वाढवायची विनंती सुरू होते.

कोण कुठे उभं राहणार हे ठरवण्याची एक फुकटची युक्ती अमेरिकेतल्या ल्यूथर कॉलेजच्या वेस्टन नोबल यांच्या नावाशी जोडली जाते. 1948 पासून 2005 पर्यंत, 57 वर्षं, ते त्याच कॉलेजात शिकवत होते. एकाच आवाजातल्या दोघांना शेजारी उभं करून एकच ओळ गायला लावायची, मग डावा-उजवा बदलायचा. एका क्रमात दोघांचे आवाज मोकळे वाटतात, दुसऱ्यात एकमेकांना खातात. जो क्रम चांगला तो ठेवून तिसरा मुलगा दोन्ही टोकांना आणि मध्ये उभा करून बघायचा. सहा जणांच्या संघाला वीस मिनिटं लागतात. उंचीप्रमाणे उभं करणं फोटोला चांगलं दिसतं, एवढाच त्याचा फायदा.

फोनवर रेकॉर्ड करून तालीम तपासणं फसवं आहे. फोन आपोआप आवाज पातळी सारखी करतो, त्यामुळे हळू गायलेलं आणि जोरात गायलेलं सारखंच ऐकू येतं आणि मुलांना वाटतं आपले चढउतार जमले. हातात मावणारा स्टीरिओ रेकॉर्डर घ्यावा, त्यात गेन, म्हणजे आवाज पकडण्याची पातळी, हाताने ठरवता आला पाहिजे. सर्वांत जोराच्या ओळीला रेकॉर्डरवरची पातळी उणे 12 डेसिबलपर्यंत जाईल असा लावावा. ठेवायची जागा सरांच्या मागे दोन-तीन मीटर आणि डोक्याच्या वर. सरांच्या टेबलावर ठेवला तर पहिली रांग आणि सरांचं बोट आपटणं एवढंच ऐकू येतं.

कानांसाठी संगीतवाल्यांचे इअरप्लग मिळतात, सगळ्या स्वरांना सारखेच साधारण 15 डेसिबलनी कमी करणारे. ते वाया गेलेले पैसे नाहीत. 85 डेसिबल आठ तास सोसतात, प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला पंधरा मिनिटं. टाइल्सच्या भिंती आणि पत्र्याची कपाटं असलेल्या वर्गात तीस मुलं पूर्ण आवाजात गातात तेव्हा ती वेळ मोजावी. फोमचे स्वस्त प्लग घेऊ नयेत, ते वरचे स्वर जास्त कापतात आणि मुलींचे आवाज मंद वाटायला लागतात.

शेवटची वस्तू, दोनशे पानांची फुलस्केप वही. तारीख, गाणं, कोणत्या पट्टीत सुरू केलं, संपलं तेव्हा काट्याशी ताडून किती उतरलं, पंखा होता की एसी, कोण कुठे उभं होतं. प्रत्येक तालमीनंतर एक ओळ, दोन मिनिटांचं काम. संघ साथीशिवाय गाताना उतरतोच. कारणं ठरलेली असतात: खाली येणाऱ्या ओळीत पावलं जास्त मोठी पडणं, एकच स्वर पुन्हा पुन्हा गाताना श्वास ढिला होणं, गंधार चढवून गायल्यावर पुढचा मध्यम सापडेनासा होणं. पांढरी चारमध्ये संघ हटकून उतरतो, हे जगभरचे कॉयरवाले सांगतात. वहीत सलग तीन नोंदी तशा दिसल्या तर मुलांना रागवू नये. तेच गाणं काळी तीनमध्ये लावून बघावं.